नखावरचा थेंब

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे केलं ते शेंगदाण्याचं कालवण. ते पातळ झालं, आणि पातळ मी केलं.

म्हाळसा भिंतीला टेकून बसली होती. पायाला सूज, चार पावलं टाकली की धाप. महिनाभर चुलीपुढं मी बसत होतो आणि ती मागून सांगत होती. शेंगदाणे मी भाजले, कूट मी केलं, फोडणी मी दिली. कालवण दोनच माणसांचं, त्यातलं एक माणूस चिमणीएवढं खाणारं. तरी माझ्या हातात तांब्या आला आणि मी तो रिकामा केला.

"ओतलं?" तिनं विचारलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"थोडंच."

"तांब्या ठिवल्याचा आवाज रिकाम्या तांब्याचा हाय."

मी गुपचूप ज्वारीच्या पिठाचा डबा ओढला. मूठभर पीठ टाकलं की झालं, असं मला अजूनही वाटतं. तिनं डबा ओढल्याचाही आवाज ऐकला.

"पिठाला हात लावू नका. कच्चं पीठ पोटात जाऊन भांडतंय. जाळ करा आनि गप बसा."

मी जाळ केला आणि गप बसलो. कालवण रटरटायला लागलं तशी ती म्हणाली, "आज माझा हात थरथरतोय. तुमचं नख द्या."

हे नख काय ते सांगायला पाहिजे. म्हाळसा कालवणाची चव कधी बघायची नाही. पळीतला एक थेंब उजव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि अंगठा उभा करायची. थेंब पळाला तर कालवण पातळ. जागेवर राहिला तर उतरवायचं. थेंब उकळता असायचा, पण तिनं कधी हायहुय केलं नाही. हळद आणि काळं तिखट यांनी ते नख एवढं रंगलं होतं की सणाला अंग घासूनही ते पांढरं झालं नाही. आमच्या शुक्रवार पेठेत कुणाकडं बारसं असो, बकरं असो, बाया म्हणायच्या, "म्हाळसाला बोलवा, नख लावून जाईल." ती जायची, नख लावायची, "अजून दोन लाकडं" म्हणायची आणि परत यायची. जेवायला थांबायची नाही.

तर त्या सकाळी मी नख पुढं केलं. थेंब घेतला. भाजलं.

"पळाला?"

"पळाला."

"मग जाळ."

तिसऱ्या खेपेला थेंब राहिला. तिनं अर्धी भाकरी कुस्करून खाल्ली, आणि मी किती खाल्ली ते मोजत बसली. हात धुतले, पदराला पुसले. दुपारी मिलचा भोंगा झाला तेव्हा ती भिंतीला टेकलेलीच होती. मी म्हणालो, "अगं, आडवी हो की जरा." ती आधीच गेली होती.

ती मैंदर्गीकडच्या मेंढपाळाची पोर. तेरा वर्षांची असताना माझ्या घरात आली. मेंढरांशी कानडीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाली, "मेंढरं ऐकत्यात. त्यांच्यावर आपली भाषा वाया जात न्हाय." मी मिलमध्ये मागावर लागलो आणि आम्ही सोलापुरात आलो तेव्हा मेंढरं मागं राहिली. बोलायला मी एकटा राहिलो. मी फारसं ऐकलं नाही. ते पुढं येईल.

मी भित्रा माणूस आहे. आता म्हातारा झालो, लपवून काय करू. घरात चार पायल्या ज्वारी असली तरी मला ती संपलेली दिसायची. पाच माणसं जेवायला बसली की मी भांड्यात बघायचो आणि माझा हात आपोआप पाण्याकडं जायचा. म्हाळसा म्हणायची, "पानी घालायला अक्कल लागत न्हाय. आटवायला लागती." मला ते टोमण्यासारखं वाटायचं. टोमणाच होता.

मिलमध्ये संप झाला त्या सालची गोष्ट. मजुरी कापली म्हणून सगळे बाहेर पडले. आमची भावकी, म्हणजे धनगराची पंचवीस-तीस घरं, बिरोबाच्या देवळात जमली. एकेकानं भंडारा उचलला. देवापुढची ती पिवळी हळद मुठीत घेऊन शब्द दिला की मागं फिरायचं नाही. मीही दिला. नवव्या दिवशी मी मागच्या दारानं जॉबरबरोबर, म्हणजे मिलच्या मुकादमाबरोबर, आत गेलो. दोन दिवस माग चालवला. तिसऱ्या दिवशी बाहेर पडताना भावकीतल्या दोघांनी मला बघितलं.

"डबा राहिला होता आत. आणायला गेलो होतो," मी म्हणालो.

संप मिटला. मी मात्र वाळीत पडलो. संपापेक्षा भंडाऱ्याचा राग मोठा. माझ्या घरचं पाणी कुणी पिईना, मला कुणी विडीला काडी लावून देईना. आमची भागू तेव्हा लग्नाला आलेली. कुंभारीच्या एका घरी तिचं बोलणं पक्कं झालं होतं, नुसती साखर वाटायची राहिली होती. त्यांनी निरोप धाडला, आधी भावकीचं मिटवा, मग साखरेचं बघू. असं दीड वर्ष गेलं. म्हाळसा नळावर जायची तेव्हा आमच्या बाया घागरी बाजूला घ्यायच्या. तिनं मला एकदाही विचारलं नाही की डबा खरंच होता का. मी डब्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली की तो डबा मला दिसायला लागला. पितळी होता. एका बाजूला चेपलेला.

शेवटी भावकीनं ठरवलं. सिदूनं, म्हणजे मी, सगळ्यांना जेवण घालावं. मायाप्पा आजा येईल. त्यानं पहिला घास खाल्ला तर सगळे खातील, आणि मी परत भावकीत. तो ताटावरून उठला तर सगळे उठतील, आणि मग विषय कायमचा बंद. मायाप्पा ऐंशीच्या पुढचा, सगळा जन्म मेंढरांमागं चाललेला, भावकीत त्याच्या शब्दाला उत्तर नव्हतं. कुंभारीचे पाहुणेही त्याच दिवशी येणार होते. खायला नव्हे, बघायला.

म्हाळसाच्या भावानं बकरं धाडलं. एरवी आमच्यात बकऱ्याचं कालवण गडीमाणसं रांधतात. पण वाळीतल्या माणसाच्या चुलीला हात कोण लावणार? तिनं एकटीनं अंगणात तीन दगड मांडले, एकटीनं मसाला वाटला. पहाटेपासून लागली होती. सूर्य कासराभर वर आला तेव्हा तिनं नख लावलं. थेंब राहिला. जाळ ओढून तिनं भांड्यावर परात झाकली आणि आत भाकऱ्या थापायला बसली.

अर्धी घरं येणारच नाहीत असं धरून अंदाज पंधरा माणसांचा होता. मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. पंधरा आली. मग वीस झाली. मायाप्पा खातो की उठतो ते बघायला मैंदर्गीकडचीही माणसं आली होती. तिशीच्या पुढं मी मोजायचं सोडलं.  कालवण पुरलं नाही तर? पहिल्याच पंगतीला पळी तळाला खरवडली तर? मी मागं फिरलो, परात काढली आणि भरलेली घागर उचलून अख्खी कालवणात पालथी केली.

तवंग फुटला. मटणाच्या फोडी बाजूला पळाल्या. भांड्याचा तळ दिसला. ओढ्याचं पाणी असावं तसं ते झालं. ते बघून मी घाईनं पिठाचा डबा आणला, मूठ भरली.

मागून माझं मनगट धरलं गेलं.

म्हाळसानं भांड्यात बघितलं, घागरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. आमच्यात जेवणावळीला पातळ कालवण वाढलं तर त्याचा अर्थ एकच, आलेल्यांची किंमत एवढीच. वाळीत पडलेल्यानं ते वाढणं म्हणजे भावकीच्या तोंडावर थुंकणं. हे मला माहीत होतं. घागर पालथी होईपर्यंत आठवलं नव्हतं.

"माणसं कुटवर आली?" तिनं विचारलं.

"देवळापाशी बसलीत. आजा बी आलाय."

"मूठ उघडा. पीठ खाली टाका."

मी टाकलं. तिनं झाऱ्यानं भराभर मटणाच्या फोडी काढून परातीत घेतल्या, नाहीतर त्या उकळून चोथा झाल्या असत्या. रस्सा दोन पसरट भांड्यांत वाटला, कारण उथळ भांड्यात तो लवकर आटतो. दगडांची दुसरी चूल मांडली. "लाकडं," एवढंच म्हणाली. मी लाकडं आणली. डोळ्यात धूर जात होता. बरं झालं, नाहीतर मी रडतोय हे दिसलं असतं. भागू दारात उभी होती. पोर हळदीसारखी पिवळी पडली होती.

पण नुसत्या जाळानं ते तासाभरात आटण्यातलं नव्हतं. घरात शेंगदाणे दोन मुठी उरले होते. म्हाळसानं ते भाजायला टाकले आणि कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. तिला विचार करताना उभी राहिलेली मी तेव्हाच बघितली.

तेवढ्यात शेजारचं दार किलकिलं झालं. शेजारी शिवव्वा राहायची. लिंगायत. मटणाच्या वासानं सकाळपासून दार लावून बसलेली. तिनं नाकाला पदर लावला आणि अंगणात डोकावली.

"एनायतु? काय झालं ग म्हाळसा?"

"कालवनात घागर पडली."

शिवव्वानं माझ्याकडं बघितलं. घागर कशी पडते ते तिला कळलं. ती आत गेली आणि वीतभर उंच कडक भाकऱ्यांची चवड घेऊन आली. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, खडखडीत वाळवलेल्या. तिच्याकडं त्या महिनाभर पुरतील एवढ्या असायच्या. चवड तिनं उंबऱ्यावर ठेवली, हातात दिली नाही.

"म्या दिल्या न्हाईत," ती म्हणाली. "त्या भांड्यात माझं नाव घेऊ नको. कुनी इचारलं तर मांजरानं नेल्या म्हनून सांगीन."

"एवढ्या?"

"लई मोठं मांजर हाय म्हनीन. जा, बेगा बेगा!"

दार लागलं.

म्हाळसानं भाकऱ्या उखळात घातल्या. भाजलेले शेंगदाणे त्यावर. मी कुटायला घेतलं, ती म्हणाली, "हळू. पीठ नको, रवा पायजे." तो भरडा तिनं गार केलेल्या रश्श्यात कालवला, गुठळी मोडली आणि एका हातानं ओतत, दुसऱ्या हातानं ढवळत दोन्ही भांड्यांत सोडला. मीठ परत. काळं तिखट परत, तेलात भाजून. ती ढवळत होती आणि माझ्याकडं न बघता बोलत होती.

"कालवनाचं मी बघते. तुमचं तुमी बघा."

"म्हंजे?"

"आजा जिभेचा म्हातारा हाय. त्याला कळनार. त्यानं इचारलं तर माझ्या अंगावर ढकलू नका."

नख लावलं. पळाला. परत जाळ. देवळाकडून माणसं उठल्याचा गलका आला. नख लावलं. थेंब नखाच्या मधोमध आला, थरथरला आणि सावकाश खाली उतरला. गल्लीत चपलांचा आवाज सुरू झाला. तिनं तिसऱ्यांदा थेंब घेतला. तो राहिला. तिनं फोडी भांड्यात सोडल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

पंगत बसली. मधे मायाप्पा. त्याच्या डाव्या हाताला कुंभारीचे पाहुणे, मांडीवर हात ठेवून. मी वाढलं. कुणी भाकरीला हात लावला नाही. मायाप्पानं तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला. चघळत राहिला. दात चारच होते, वेळ लागत होता. मग त्यानं घास गिळला नाही तोच हात ताटावर आडवा धरला.

"ह्यात मागनं पानी पडलंय," तो म्हणाला. "मटान एका कालवनाचं हाय आनि रस्सा दुसऱ्याचा. रश्श्यात भाकरी हाय. घट केलंय बेस. पन पानी पडलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"कुनी घातलं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. बाईमाणूस आहे, अंदाज चुकला, एवढं म्हटलं की झालं. सगळे हसले असते, तिला दोन शब्द बोलले असते आणि जेवले असते. माझं तोंड उघडलंही. म्हाळसा दाराच्या आड पळी घेऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा.

"म्या घातलं," मी म्हणालो.

"कशापायी?"

"माणसं बघून भ्यालो. म्हटलं पुरनार न्हाय."

मायाप्पानं मान हलवली. हात अजून ताटावर आडवाच होता. "आनि मिलीत?"

 मला तो पितळी डबा दिसत होता, चेपलेला. तो मी दीड वर्ष जपला होता.

"तितंबी भ्यालो," मी म्हणालो. "डबा-बिबा काय न्हवता."

 मग म्हाताऱ्यानं ताटावरचा हात उचलला, मोठा तुकडा मोडला आणि कालवणात बोटं बुडेपर्यंत दाबला.

"दीड वरीस हे ऐकायला बसलोय," तो म्हणाला. "तवर माझी निम्मी मेंढरं मेली." त्यानं घास घेतला आणि दाराकडं तोंड करून ओरडला, "पोरी, कालवान झालंय! नवरा मातर अजून पातळच हाय. त्यालाबी थोडा जाळ लाव!"

पंगत हसली. माणसं जेवायला लागली. कुंभारीचे पाहुणे सगळ्यांत शेवटी जेवले, पण दोनदा वाढून घेतलं. कालवण पुरलं. उरलंसुद्धा.

माणसं गेल्यावर मी तिला म्हणालो, "तू चिडली न्हाईस?"

"चिडायला येळ कुटं व्हता?" ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "कालवनात पानी पडलं तर आटवता येतंय. न बोललेलं आटत न्हाय. नासतं." पुढं त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. भावकी बोलली. मला घागऱ्या म्हणायला लागली. भागूच्या लग्नात मी पाण्याच्या हंड्याजवळनं गेलो तरी कुणीतरी ओरडायचं, "घागऱ्याला धरा रे!"

त्या उरलेल्या कालवणावरनं आमच्या घरात एक रीत पडली. कूट घातलेलं कालवण रात्रभर राहिलं की सकाळी आवळून बसतं, पळी उभी राहील असं. पाणी घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसानं ते भांडं माझ्यापुढं सरकवलं आणि तांब्या हातात दिला. "घाला. तुमचा हात शिवशिवतोय." तेव्हापासून शिळ्या कालवणात पाणी घालायचं काम माझं. भागू सासरी गेली, माझे केस गेले, मिल सुटली, पण तो तांब्या रोज माझ्या हातात यायचा. ती बाजूला बसून बघायची. "बास," म्हणायची. मी एक धार जास्तच घालायचो. मग ती तोंड वाकडं करायची आणि खायची.

ती गेली त्या दिवशी ऊन उतरायच्या आत माती झाली. आंघोळ घालताना बायांनी तिचे हात घासले. भागू बाहेर येऊन मला म्हणाली, "आबा, नख न्हाय निघालं." मी म्हणालो, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल गार होती. भावकीतले चौघे बाहेर घोंगडीवर बसले होते. कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी आली होती. भागूनं झाडलोट केली आणि चुलीवरचं भांडं उचललं. आदल्या सकाळचं, आमचं. थंडीचे दिवस, विटलं नव्हतं. नुसतं आवळून बसलं होतं.

"आबा, हे टाकून देती. भांडं घासायला पायजे."

"ठिव हितं," मी म्हणालो.

बाहेरून एकजण म्हणाला, "सिदू, माणूस गेल्या घरातलं शिजलेलं खात न्हाईत. भावकी काय म्हनंल?"

या माणसांना मी जन्मभर भ्यालो.  पाट ओढून बसलो. भागूनं माझ्याकडं बघितलं, मग सवयीनं तांब्या भरला आणि माझ्यापुढं ठेवला.

"खानारच असला तर पानी तरी घाला. घशाखाली उतरायचं न्हाय."

मी तांब्या बाजूला सारला. बोटानं कडेचं थोडं कालवण काढलं, अंगठ्याच्या नखावर ठेवलं आणि अंगठा उभा केला. ते हललं नाही. मग भाकरी मोडली आणि तसंच खाल्लं.